‘कायम ठेवायचे झाड’

मंजूर नकाशावर चिंचेच्या जागी हिरवा गोल होता आणि शेजारी लिहिलं होतं, ‘कायम ठेवायचे झाड’. जुन्या सोसायटीचा पुनर्विकास, खाली दोन मजली तळघर. शहराचं नाव मुद्दाम टाळते. बिल्डरने मला लँडस्केपसाठी नेमलं होतं. साइटवर पोचले तेव्हा पोकलेन चालू होतं, आणि खोडापासून तीन मीटरवर खड्ड्याच्या कडेला मनगटाएवढी मुळं तुटून बाहेर लोंबत होती.

“मॅडम, झाडाला हात लावलेला नाही. नकाशाप्रमाणेच चाललंय,” साइट इंजिनिअर म्हणाले. ते खरंच होतं. तळघराची हद्द मंजूर नकाशात तिथेच होती आणि हिरवा गोल जेमतेम खोडाएवढा.

मी टेप काढली. छातीच्या उंचीवर घेर अडीच मीटर, म्हणजे व्यास साधारण ८० सेंटिमीटर. ब्रिटिश मानक बीएस ५८३७ व्यासाच्या बारा पट त्रिज्येएवढी जमीन मुळांसाठी सोडायला सांगतं. या चिंचेसाठी ते साडेनऊ मीटर भरतं. चिंचेचं मूळ खोल जातं, बाजूला खणल्याने काय होतंय, हे मला जवळजवळ प्रत्येक साइटवर ऐकवलं जातं. पण पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक करून वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. ती गेली तरी झाड लगेच मरत नाही. काही पावसाळे पालवतं, मग शेंडे वाळायला लागतात. तोवर फ्लॅटचे ताबे दिलेले असतात आणि बिल्डर पुढच्या प्लॉटवर.

उद्यान विभागातून वृक्ष निरीक्षक आले. माणूस सरळ, पण वैतागलेला. “तोडायचा अर्जच नाही, तर मी कशाचा पंचनामा करू?” बांधकाम परवानगीवाल्यांना फोन लावला, तर झाडं उद्यानाकडे असतात म्हणाले.

गंमत अशी की महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज ठरतं आणि ते तोडायचं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. पण हा सगळा हिशेब तोडण्याची परवानगी मागणाऱ्यासाठी. झाड राखतो असं नकाशावर लिहिणाऱ्याला त्याच्या बदल्यात एक रोपही लावावं लागत नाही, मग खाली काहीही खणा.

मी मोबाइलवर तोच कायदा उघडला. त्याच्या व्याख्येत झाड तोडणं म्हणजे नुसतं कापणं किंवा जाळणं नाही. झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही त्यात येतं. निरीक्षकांनी ते दोनदा वाचलं, खड्ड्यात उतरले, तुटक्या मुळांचे फोटो काढले आणि इंजिनिअरना म्हणाले, “आता अर्ज तुम्हालाच करावा लागेल, साहेब. तोवर या बाजूचं मशिन बंद.”

तुटकी टोकं करवतीने साफ केली, ओली गोणपाटं लावली, वर माती ओढली. स्ट्रक्चरल कन्सल्टंटने त्या बाजूची तळघराची भिंत आत घेतली. साडेनऊ मीटर नाही, पण सहापर्यंत आली. काही पार्किंग गेली आणि बिल्डरने माझ्याशी बोलणं टाकलं. चिंच जगेल का, हे मी कुणालाही लिहून देणार नाही.

महापालिकेने बांधकाम नियमावलीतल्या बदलांवर सूचना मागवल्या तेव्हा मी एवढंच लिहून दिलं: राखलेल्या झाडाचा गोल नकाशावर खोडाएवढा न काढता मुळांच्या त्रिज्येने काढावा, आणि तळघर त्या गोलात शिरत असेल तर मंजुरीआधी वृक्ष अधिकाऱ्याची सही घ्यावी. हिरवळ किती टक्के, झाडं किती, हे नियमांत आधीपासून आहेच.

साइट सोडताना इंजिनिअर म्हणाले, “मॅडम, हे नकाशा पास व्हायच्या आधी सांगायचं ना.” लँडस्केपवाल्याची नेमणूक नकाशा पास झाल्यावरच होते, हे त्यांनाही माहीत होतं.