नागपूरहून बस्तर: कथिलाच्या मागावर चार दिवस

लहानपणी आजीसोबत इतवारीत कल्हईवाल्याकडे पितळी भांडी घेऊन जायचो, तेव्हापासून कल्हईचं हे कथील येतं कुठून हा प्रश्न डोक्यात होता. भारतात त्याचं खनिज निघतं ते छत्तीसगडात, दंतेवाडा-सुकमा पट्ट्यात, आपल्यापासून रस्त्याने सुमारे ६००-६५० किमीवर, मग डिसेंबरात मी आणि मित्र कार घेऊन निघालो. रायपूर, कांकेर, केशकाल घाट, जगदलपूरला मुक्काम, आणि तिथून सुकमा रोडने दरभा ओलांडून तोंगपालकडे.

पहिला दिवस वाया गेला, कारण आम्ही नुसता ग्रॅनाइट बघत फिरत होतो. ग्रॅनाइटचा तप्त रस जमिनीखाली निवताना कथिलाला फेल्डस्पार-क्वार्ट्झ या ग्रॅनाइटच्या मुख्य खनिजांच्या स्फटिकांत नीट जागा मिळत नाही, ते उरलेल्या रसात साठत जातं, त्यात पाणी, फ्लोरिन, लिथियमही असतं म्हणून तो रस उशिरापर्यंत पातळ राहतो आणि आजूबाजूच्या खडकाच्या भेगांत घुसून थिजतो. हाच पेग्मटाइट. इथला २०० कोटी वर्षांहून जुना आहे! दुसऱ्या दिवशी गावातल्या एका दादांनी दाखवला, काळपट खडकात हातभर रुंद पांढरी शीर, तिच्यात जांभळट अभ्रकाचे पापुद्रे. तो लेपिडोलाइट, लिथियमवाला. असं अभ्रक दिसलं की तिथं थांबायचं.

पण खरी मजा ओढ्यात. डोंगर झिजतो, फेल्डस्पारची माती होते, कॅसिटेराइट, म्हणजे कथिलाचं खनिज, मात्र कडक आणि क्वार्ट्झच्या अडीचपट जड, म्हणून ते वाळूच्या तळाशी बसतं. एक मावशी परातीत रेती हलवत होत्या, पांढरी वाळू पाण्यासोबत गेली आणि तळाला काळे चमकदार दाणे उरले. मित्र केमिस्ट्री शिकवतो, त्याने जस्ताच्या पट्टीवर एक दाणा ठेवून पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकले, थोड्या वेळात काळ्या दाण्यावर कथिलाचा चंदेरी थर चढला. अगदी कल्हईसारखा! मी तर बघतच राहिलो.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा, पावसाळ्यात ओढे भरून वाहतात. टाकी जगदलपूरलाच फुल करा, कॅश ठेवा, मोबाइलला रेंज मिळेलच असं धरून चालू नका. आतल्या गावांत स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय जाऊ नका, आणि निघण्याआधी परिस्थिती विचारून घ्या. इथली हल्बी भाषा थोडी मराठीसारखी लागते, सावकाश बोललं की काम होऊन जाते. दाणे खिशात टाकून आणू नका, खनिज आहे ते आणि त्या लोकांची कमाई आहे, आम्ही तो एक दाणाही मावशींना परत दिला. हातोडीही नको, त्यापेक्षा १० पटीचं भिंग न्या, शिरेतले बारीक काळे दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत.