‘रिपोर्ट’ दाबून थांबू नका

समाजमाध्यमावर कुणी आपल्या नावानं खोटं खातं उघडलं की बहुतेक जण ‘रिपोर्ट’ दाबतात आणि वाट बघत बसतात. केंद्र सरकारच्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियम २०२१ नं दिलेला खरा रस्ता समाजमाध्यम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जातो. त्याचं नाव आणि संपर्क कंपनीनं संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये देणं बंधनकारक आहे, पण तो सापडतो तळाशी, बारीक अक्षरांत. ५० लाखांवर नोंदणीकृत वापरकर्ते असतील, तर हा अधिकारी भारतातच राहणारा हवा.

तक्रारीत त्या पोस्टची किंवा प्रोफाइलची थेट लिंक द्या. नुसता स्क्रीनशॉट पाठवला तर मजकूर नेमका कुठे आहे ते कळत नाही, आणि खात्याचं दिसणारं नाव तर कधीही बदलता येतं. तारीख लिहा, कोणता मजकूर चालत नाही त्याची यादी नियम ३(१)(ख) मध्ये आहे; त्यातल्या कोणत्या प्रकारात हा मजकूर बसतो तेही लिहा. ‘हे खातं त्रास देतं’ एवढ्यावर नकार देणं सोपं जातं. २४ तासांत पोच यायला हवी. तिचा क्रमांक जपून ठेवा, पुढे सगळं त्यावर अडतं.

अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही, तर उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येतं. अशा तीन समित्या जानेवारी २०२३ मध्ये नेमल्या गेल्या. अर्जापासून निकालापर्यंत सगळं ऑनलाइन. समितीनं ३० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असं नियम म्हणतो. ‘प्रयत्न’ हा शब्द विसरू नका.

विश्वासाचं घोडं अडतं ते इथेच. या समित्या नेमतं केंद्र सरकार, आणि सरकारवर टीका करणारा मजकूरही याच कंपन्यांच्या ॲपवर असतो. ही शंका हवेतली म्हणता येणार नाही. सरकारबद्दलची माहिती खरी की खोटी हे सरकारच्याच तथ्य तपासणी कक्षानं ठरवायचं, अशी याच नियमांतली २०२३ ची दुरुस्ती होती. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं मत आधी दुभंगलं; सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर ती रद्द झाली.

तरी मजकूर हटवणं किंवा खातं परत मिळवणं एवढंच काम असेल, तर समितीकडे जरूर जा. प्रश्न सरकारवरच्या टीकेचा असेल, तर समितीच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. तिथे मात्र वकील गाठावा लागेल.