आमची वाटचाल: वारा, लाटा आणि मोजणाऱ्या यंत्रांचा इतिहास

समुद्रावरचा वारा आणि लाटा गेल्या तीन-चार दशकांत वाढल्या का, वाढल्या तर किती, आणि पुढे पन्नास वर्षं टिकवायच्या बांधकामात ती वाढ कशी धरायची, याचं लेखी उत्तर देणं हे आमच्या छोट्या कंपनीचं काम. ब्रेकवॉटर (लाटा अडवणारे बांध) बांधणारे आणि भर समुद्रातल्या पवनचक्क्यांचे आराखडे करणारे हे आमचे मुख्य ग्राहक. सुरुवातीचा अहवाल म्हणजे नोंदींचा आलेख, त्यातून ओढलेली सरळ रेषा आणि खाली एक आकडा. आता त्याच अहवालातली निम्मी पानं यंत्रांवर खर्च होतात, कारण नोंदीत दिसणारा चढ बरेचदा यंत्र बदलल्याचा असतो.

पहिला धडा जहाजांनी दिला. पाण्याशी घासल्यामुळे पृष्ठभागाजवळ वारा मंद असतो आणि वर जावं तसा वाढतो. जहाजं मोठी होत गेली, तसे त्यांच्या डोलकाठीवरचे वेगमापकही वर गेले. १० मीटर उंचीवर १० मीटर प्रति सेकंद वाहणारा वारा २० मीटरवर साधारण १०.६ आणि ३० मीटरवर ११ दिसतो. म्हणजे हवेत काहीही न बदलता २० मीटरवर मोजणाऱ्या जुन्या आणि ३० मीटरवर मोजणाऱ्या नव्या जहाजांच्या नोंदींत सुमारे साडेतीन टक्क्यांची ‘वाढ’. त्यामुळे यंत्राची उंची नोंदलेली नसेल तर ती वाऱ्याची नोंद आम्ही कल, म्हणजे वर्षानुवर्षांचा चढ-उतार, काढायला घेतच नाही. असेल तर सगळं आधी १० मीटरवर आणतो.

बोयांची, म्हणजे समुद्रात नांगरलेल्या, यंत्रं बसवलेल्या तरंगत्या पिंपांची गोष्ट उलटी. मोठ्या बोयावर वेगमापक १० मीटरवर असतो, त्या जागी ३ मीटर व्यासाचा चकतीसारखा बोया आला की तो ५ मीटरच्या आसपास येतो आणि १०चा वारा ९.४ दिसू लागतो. वादळात लाटांच्या खोलगटात शिरल्यावर त्याला आडोसा मिळतो, तो तोटा वेगळाच. कपांच्या वेगमापकाचं बेअरिंग जड झालं तर मंद वारे आणखी मंद दिसतात, वादळी वाऱ्यांवर मात्र फारसा परिणाम होत नाही. म्हणून सरासरी उतरतेय आणि वरची टोकं जागच्या जागी आहेत असं दिसलं, की आम्ही हवामानाआधी देखभालीची वही मागवतो. लाटांच्या उंचीतही बोयाचं कवच किंवा हिशोबाची पद्धत बदलली की नोंदीत एकदम पायरी पडते. ईशान्य पॅसिफिकमधल्या बोयांच्या नोंदींतून अशा पायऱ्या काढल्या की लाटांची वाढ बरीच घटते, हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. पायरीतून सरळ रेषा ओढली तर तिला चढ येणारच!

उपग्रहावरचा अल्टिमीटर (रडारचा उंचीमापक) खाली रडारचा स्पंद सोडतो. तो आधी लाटांच्या माथ्यांवर आणि मग खोलगटांवर आपटतो, त्यामुळे समुद्र खवळलेला असेल तर परतीच्या स्पंदाची चढती कड ताणली जाते. त्या कडेच्या उतारावरून लाटांची उंची निघते, म्हणजे सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. वाऱ्याचा वेग प्रतिध्वनीच्या जोरावरून काढतात: पृष्ठभाग खरबरीत झाला की ऊर्जा बाजूला विखुरते आणि परत कमी येते. पद्धत सुंदर आहे, पण यंत्र म्हातारं होतं. १९९२ मध्ये सोडलेल्या टोपेक्स/पोसायडन उपग्रहाचा अल्टिमीटर १९९७ नंतर बिघडत गेला, परतीची कड आपोआप ताणली जाऊ लागली आणि लाटा कागदावर फुगत गेल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये दुसरा संच चालू केल्यावर त्या एकदम बसल्या. असं सरकणं पकडायचं तर प्रत्येक उपग्रह बोयांशी वेगळा जुळवावा लागतो. आम्ही उपग्रह आणि बोया यांच्या ५० किलोमीटर आणि ३० मिनिटांच्या आतल्या मोजमापांच्या जोड्या घेतो आणि जोड्यांमधला फरक वर्षागणिक मांडतो. त्या फरकालाच कल असेल, तर दोष यंत्राचा की बोयाचा हे तिसऱ्या स्रोताशी ताडून ठरवायचं.

उपग्रहांची संख्याही फसवते. १९८०च्या दशकात जिओसॅट एकटा होता, तो बंद पडल्यापासून १९९१ मध्ये ईआरएस-१ येईपर्यंत नोंदींत खिंडार आहे. दहा दिवसांनी त्याच रेषेवर येणाऱ्या उपग्रहाच्या हातून दोन दिवसांचं वादळ सहज निसटतं. उपग्रह वाढले की वादळं सापडतात, आणि वर्षातली कमाल उंची ‘वाढते’. म्हणून कमाल आकड्याचा कल आम्ही देत नाही, ९०वा पर्सेंटाइल, म्हणजे ज्याच्या खाली ९० टक्के नोंदी येतात तो आकडा, देतो. ईआरए५ सारखं पुनर्विश्लेषण (जुनी मोजमापं संगणकीय प्रारूपात घालून बनवलेला हवामानाचा सलग इतिहास) गुळगुळीत दिसतं, पण तेही या सांध्यापासून सुटलेलं नाही. १९९१ नंतर त्यात उपग्रहांच्या लाटा मिसळू लागतात.

ताशी नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. त्या तशाच वापरल्या तर कोणताही कल ‘सिद्ध’ होतो. आम्ही ऋतुमान काढून मासिक फरक घेतो, थील-सेन पद्धतीने (नोंदींच्या प्रत्येक जोडीतल्या उतारांचा मधला आकडा घेऊन) उतार काढतो आणि मग पहिली पाच, नंतर शेवटची पाच वर्षं वगळूनही तो टिकतो का ते पाहतो. ईशान्य अटलांटिकमध्ये १९६०च्या दशकापासून १९९०च्या दशकापर्यंतचा चढ बराचसा उत्तर अटलांटिक दोलनाबरोबरचा, म्हणजे तिथल्या हवेच्या दाबातल्या नैसर्गिक चढ-उताराबरोबरचा आहे. नेमकी तेवढीच वर्षं धरली तर भयंकर आकडा येतो.

इतकं गाळूनही काही उरतं. यंग आणि रिबाल या संशोधकांनी २०१९ मध्ये ३१ उपग्रहांची १९८५ ते २०१८ मधली मोजमापं तपासली. दक्षिण महासागरात ३० वर्षांत वरच्या टोकाचे वारे सुमारे १.५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ८ टक्के, आणि उंच लाटा ३० सेंटिमीटर, म्हणजे ५ टक्के वाढल्याचं त्यांना दिसलं. सरासरीतली वाढ याहून कमी आहे.

५ टक्के किरकोळ वाटतात. पण हडसनच्या सूत्रात ब्रेकवॉटरच्या दगडाचं वजन लाटेच्या उंचीच्या घनाशी जातं, तेव्हा १० टनांचा दगड ११.६ टनांचा होतो आणि त्याबरोबर क्रेन बदलावी लागू शकते. अर्थात बांधाचा पाया खोल पाण्यात असेल तरच. उथळ पाण्यात लाट खोलीच्या साधारण पाऊण पटीला पोहोचली की फुटते. ५ मीटर खोलीवरच्या बांधासमोर, खोल समुद्रात लाटा कितीही वाढल्या तरी, चार मीटरच्या आतलीच लाट पोहोचते. तिथे आम्ही लाटांचा कल बाजूला ठेवून आधी भरतीची पातळी आणि तळाची धूप तपासतो.