एसपीएमसाठी कनेक्टर निवडताना

भोसरीत आम्ही एसपीएम, म्हणजे एका ठराविक कामासाठीच असलेली मशीनं, बनवतो. यावेळचं मशीन ड्रिलिंग-टॅपिंगचं, कूलंटवालं. इथे ट्रायल घेऊन, तीन तुकडे करून ट्रकने होसूरला जाणारं. बीओएम (लागणाऱ्या सगळ्या मालाची यादी) पाहून परचेसवाले म्हणाले, "नुसत्या प्लगांना एवढे पैसे?"

स्वस्त मेक शोधण्याआधी मी केबलची यादी काढली आणि प्रत्येकीपुढे लिहिलं, ही कोण सोडणार आणि कधी. निम्म्या केबलींना कनेक्टर लागतच नव्हता. पॅनेलशेजारच्या कूलंट पंपाची केबल एकदा जोडली की झालं. तिथे ग्लँड (केबल आत घेऊन आवळणारा भाग), फेरुल (वायरीच्या टोकाची नळी) आणि टर्मिनल पुरे.

तुकडे जिथे सुटतात तिथे मात्र कंजुषी केली नाही. २४ पिनांचे चौकोनी हेवी-ड्यूटी कनेक्टर घेतले. कॅटलॉगमध्ये १६ अँपिअर लिहिलेलं असतं, पण सगळ्या पिना भरल्या आणि आसपास तापलेलं असलं की तेवढा करंट मिळत नाही. खालचा डीरेटिंगचा, म्हणजे तापमान वाढलं की करंट किती कमी धरायचा याचा, आलेख बघावाच लागतो. म्हणून मोटरला वेगळा कनेक्टर, २४ व्होल्टच्या सिग्नलला वेगळा. दोन्ही दिसायला सारखे, तेव्हा कोडिंग पिना (चुकीची जोडी बसूच न देणाऱ्या) बसवल्या, नाहीतर घाईत कुणीतरी अदलाबदल करणारच. क्रिंपचे (वायरीवर दाबून बसवायचे) काँटॅक्ट सुटे स्वस्त पडतात, पण त्यांचं चांगलं हत्यार महाग. एका मशीनसाठी ते परवडेना, म्हणून स्प्रिंग टर्मिनलवाले इन्सर्ट (कनेक्टरच्या आतला पिनांचा भाग) घेतले.

सेन्सरला चार पिनांचे ए-कोड एम१२, म्हणजे १२ मिमी आट्यांचे गोल कनेक्टर (ए-कोड हा त्यांच्या खाचेचा प्रकार). जागेवर वायर जोडायचे एम१२ सोयीचे वाटतात खरे, पण वायरमनचा वेळ धरला की तयार मोल्डेड केबलच स्वस्त. लांबी दोनच ठरवल्या, २ आणि ५ मीटर. एकगठ्ठा घेतल्यावर भावही कमी झाला. पीयूआर (पॉलियुरेथेनच्या आवरणाची) केबल फक्त कूलंटच्या भागात आणि ड्रॅग चेनमध्ये (हलत्या केबली धरणाऱ्या साखळीत), बाकी साधी पीव्हीसी. प्रमाणित एम१२ असल्यामुळे सेन्सर एका मेकचा आणि केबल दुसऱ्याची चालते. इथे परचेसला भाव पाडायला मोकळं रान मिळालं.

राहिल्या टोप्या. आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) हे जोडून नीट आवळलेल्या कनेक्टरचं असतं, उघड्या पोर्टचं नव्हे. रिकाम्या पोर्टना टोपी हवीच. त्या मी गरजेपेक्षा जास्त मागवल्या; ट्रकमधून मशीन उतरेपर्यंत त्यातल्या बऱ्याच गायब होतात, हे ठरलेलं.