आमची वाटचाल : एक्स-रेशिवाय पाठीची मोजणी

जळगावात आम्ही अंधारी खोली, प्रोजेक्टर, कॅमेरा आणि तिवई एवढ्या सामानावर वाढत्या मुलांच्या कण्याचा बाजूला आलेला वाक (स्कोलिओसिस) तपासण्याचा धंदा मांडला. मुलाच्या उघड्या पाठीवर उजेडाच्या समांतर रेषा टाकायच्या. उंचसखल जागी त्या वाकतात, त्यावरून संगणक पाठीचा नकाशा बांधतो. एक्स-रेची किरणं अजिबात नाहीत. तिवई केसभर हलली तरी माप चुकतं, म्हणून कॅलिब्रेशनची (माप जुळवून घ्यायची) पाटी मी रोज स्वतः लावतो, मेच्या उन्हाळ्यात दुपारीही.

मग शहरात दुसरं सेंटर निघालं. ‘आता एक्स-रे कधीच नको!’ असे मोठमोठे फलक लागले. आम्ही मात्र पहिला कॉब कोन (कणा किती अंशांनी वाकलाय ते माप) एक्स-रेवरच मोजून आणा, म्हणायचो. हाडाचा कोन कातडीवरून नेमका मोजता येत नाही आणि ब्रेस (पाठीला बांधायचा आधार) की ऑपरेशन हे त्या कोनावर ठरतं. आमचं काम मधल्या तपासण्यांचं. वाढत्या वयात दर चार-सहा महिन्यांनी पाठ बघावी लागते, तेवढ्या वेळा एक्स-रे कशाला? अमेरिकेत २००० साली ५,५७३ स्त्रियांचा अभ्यास छापून आला. कण्याच्या वाकासाठी लहानपणी वारंवार एक्स-रे काढलेल्या या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेपेक्षा जवळपास ७० टक्के जास्त होते. त्या काळचे डोस मोठे होते, हेही आम्ही सांगायचो.

पण खरं ऐकतो कोण? लोक म्हणाले, यांचं एक्स-रेवाल्यांशी साटंलोटं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आटल्या, भाडं थकलं, मदतनीस गेला, प्रोजेक्टरचा दिवा उधारीवर आणला. आजही त्या फलकांची आठवण आली की संताप होतो.

टिकलो ते चोपड्याच्या एका मावशींमुळे. त्या दुसऱ्या सेंटरात तपासणी फुकट असूनही त्या एसटीने लेकीला घेऊन आमच्याकडेच यायच्या. “भाऊ, आम्हले तुम्हनावरच भरोसा शे.” एका खेपेला नकाशात उजवी बाजू वर आलेली दिसली. लगेच एक्स-रेला पाठवलं, कोन २५ अंशांच्या पुढे गेला होता. ब्रेस वेळेवर लागला. नंतर तालुक्यातली कितीतरी घरं मावशींनीच आमच्याकडे आणली. पुढची वर्षं ठीक गेली.

पालकांनो, दप्तराला दोष देऊ नका, त्याने हा आजार होत नाही. मुलगी दहाची झाली की तिला पाय जोडून, गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. एका बाजूच्या बरगड्या वर दिसल्या तर हाडांचे डॉक्टर गाठा. पाळी येण्याआधी उंची झपाट्याने वाढते. तेव्हा तर दर दोन-तीन महिन्यांनी बघा.