३२ बिट कोणी टाकलं?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि दिवाळीनंतर मला, कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला, येणाऱ्या प्रत्येक फोनचं पहिलं वाक्य एकच झालं, ‘अकरा (म्हणजे विंडोज ११) टाकून द्या.’ टाकून द्या म्हणजे नेमकं काय, हे कोणी सांगत नाही. आहे त्यावर अकरा चढवायचं की फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून, कोरं टाकायचं, हे आम्हीच ठरवायचं आणि बिघडलं तर शिव्याही आम्हीच खायच्या. माझा शिरस्ता साधा आहे. विंडोज फुकटात चालवणारा चोरटा ॲक्टिव्हेटर किंवा व्हायरस सापडला की फॉरमॅट, त्यात चर्चा नाही. टॅली, डिजिटल सहीचं टोकन, जुना प्रिंटर असं सगळं जिथे मुश्किलीने जुळलेलं असतं, तिथे अपग्रेड. (टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर, म्हणजे परत जमा, न करता बिनधास्त फॉरमॅट मारणारे बहाद्दर अजून आहेत. त्यांनी घातलेले गोंधळ निस्तरायला माझाच नंबर दिला जातो.)

विट्यातल्या एका छापखान्याचा पीसी यातल्या कुठल्याच खान्यात बसेना.

आत आय-थ्री ८१००, म्हणजे इंटेलची आठवी पिढी. अकरासाठी पात्र. अकराला लागणारी सुरक्षेची सोय, टीपीएम, बायोसच्या सेटिंगमध्ये नुसती चालू करायची होती. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची होती, पण त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी आहे, डेटा न पुसता डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करून देतं. अपग्रेड लावून चहाला जाऊ, असा माझा हिशेब. पेनड्राइव्हवरचा सेटअप उघडेचना. सिस्टिमची माहिती काढली तर विंडोज ३२ बिट, म्हणजे जुन्या, कमी क्षमतेच्या प्रोसेसरांसाठीचं! ६४ बिटच्या प्रोसेसरवर, २०१८ नंतर घेतलेल्या पीसीवर, ३२ बिट. अकरामध्ये ३२ बिट प्रकारच नाही, आणि ३२ वरून ६४ वर अपग्रेड कुठल्याच विंडोजमध्ये होत नाही. म्हणजे कोरंच टाकायचं.

“तसं नको बाबा,” छापखान्याचे मालक आण्णा म्हणाले. “लग्नसराई तोंडावर आलीय, त्यात नगरपालिकेचं इलेक्शन. आहे तसंच ठेवून अकरा कर की.”

त्या वेळी माझ्या तोंडून आधी येऊन हे ३२ बिट टाकून गेलेल्या पोरासाठी जे निघालं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्या धंद्यात असे खूप आहेत. खिशात विंडोज टाकायचा एकच बूटेबल पेनड्राइव्ह असतो, त्यात जे असेल ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात.

गिऱ्हाइकाच्या चालू डिस्कवर मी कोरं विंडोज टाकत नाही. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली, नवी एसएसडी लावली, त्यावर अकरा टाकलं. सुरेख चाललं. मग कंपोझिंग करणाऱ्या ताईंनी मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचं लायसन्सचं लॉक, लावला आणि सॉफ्टवेअरने लॉक सापडत नसल्याचं सांगितलं. विंडोजला डोंगल ओळखू देणारा ड्रायव्हर ३२ बिटचा. ३२ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर चालतात, ड्रायव्हर चालत नाहीत. कंपनीचं उत्तर ठरलेलं: नवी आवृत्ती घ्या, नवा डोंगल घ्या.

बाहेरच्याला वाटेल, मग घ्या की. पण लग्नपत्रिका, वास्तुशांती, दशक्रिया, पावतीपुस्तकं, कितीतरी वर्षांचं काम पेजमेकर ७ या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये. ते २००१ सालचं, त्याला युनिकोड, म्हणजे मराठी अक्षरं साठवायची आजची पद्धत, माहीत नाही. फाइलमध्ये ‘गणेश’ असं काही नसतंच, इंग्रजी चिन्हांचे तुकडे असतात आणि तो ठरावीक फॉन्ट त्यांच्यावर मराठी अक्षरांचे आकार चढवतो. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या नव्या आवृत्तीत या फाइली उघडाव्यात म्हटलं, तर तेही नाही. त्याची जुनी सीएस६ ही पेजमेकरच्या फाइली उघडणारी शेवटची आवृत्ती.

ताई हे सगळं शांतपणे बघत होत्या. मग म्हणाल्या, “मागच्या वेळी तो मुलगा पण असाच बसला होता दिवसभर. आधी एक विंडोज टाकलं, मग काढून दुसरं टाकलं. जाताना म्हणाला, चालतंय तोवर हात लावू नका.”

आणि हे त्यांनी मला आत्ता सांगितलं!

शेवटी दोन्ही केलं, कोरंही आणि आहे तसंही. जुनी डिस्क परत लावून सिसइंटर्नल्सच्या डिस्कटूव्हीएचडीने ती आख्खी एका फाइलमध्ये उतरवली. रॅम वाढवली, नव्या अकरावर व्हर्च्युअलबॉक्स टाकलं आणि त्यात ती फाइल जोडली. म्हणजे कोऱ्या अकराच्या पोटात जुनं दहा, जसंच्या तसं, डेस्कटॉपवरच्या ‘नवीन लग्न’, ‘नवीन लग्न २’ या फोल्डरांसकट. डोंगल यूएसबीमधून थेट आतल्या विंडोजला दिला. तो लागला तेव्हा मी ताईंसमोर टाळी वाजवली, खोटं कशाला सांगू. आतल्या विंडोजचं नेटवर्क बंद केलं. सपोर्ट संपलेलं विंडोज इंटरनेटवर मोकळं सोडायचं नसतं. तयार पीडीएफ शेअर्ड फोल्डरमधून बाहेर येते आणि अकरावरून छपाईच्या प्लेट बनवणाऱ्याकडे जाते. जुनी डिस्क तारीख घालून आण्णांच्या कपाटात ठेवली.

पण तो मुलगा डोक्यातून जात नाही. त्याने आधी ६४ टाकलं असणार, डोंगल लागला नसणार, म्हणून समजून उमजून ३२ वर आला. तसं असेल तर त्या वेळी त्याहून बरा उपाय नव्हता. किंवा त्याच्याकडे खरंच दोनच पेनड्राइव्ह होते आणि दुसरा नशिबाने लागू पडला. पीसी बघून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. आणि मुद्दाम केलं असेल, तर कॅबिनेटवर ‘डोंगलसाठी ३२ बिट’ एवढं लिहायला त्याला काय झालं होतं? मार्कर सगळ्यांकडे असतो. तो आता पुण्याला नोकरीला आहे म्हणे. ताईंकडे नंबर आहे, मी अजून मागितलेला नाही.

बिल दिलं तेव्हा आण्णा ताईंच्या मागे उभे राहून स्क्रीन बघत होते. तोच जुना वॉलपेपर, तेच फोल्डर.

“हे तर जुनंच हाय की रं,” ते म्हणाले, आणि पाचशे कापले.