पेट्री डिशमधील ओव्याचा वास

परभणीत पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत असताना माझ्या प्रबंधाचा विषय होता कोंबड्यांमधील ई. कोलाय जिवाणूंवर प्रतिजैविकांची आणि सुगंधी तेलांची चाचणी. एप्रिलमधल्या एका सकाळी जिंतूर तालुक्यातील एक कुक्कुटपालक बर्फाच्या डब्यात तीन आठवडे वयाचे पाच मेलेले ब्रॉयलर पक्षी घेऊन आले. "मॅडम, औषध चालूच हाय, तरी पक्षी लई मरायलेत," असे म्हणत त्यांनी खिशातून एन्रोफ्लोक्सासिन या प्रतिजैविकाची रिकामी बाटली काढली. दुकानदाराच्या सांगण्यावरून ते पहिल्या दिवसापासून हे औषध अधूनमधून पाण्यातून देत होते आणि जोडीला टाकीत ओव्याचे तेलही ओतत होते.

शवविच्छेदनात यकृतावर आणि हृदयावर पिवळसर पांढरा पापुद्रा आढळला, वायुकोषही (फुफ्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या) गढुळलेले होते. यकृतातून घेतलेल्या नमुन्याच्या वसाहती मॅकॉन्की आगरवर (आगर म्हणजे जिवाणू वाढवण्याचे घट्ट माध्यम) गुलाबी उमटल्या आणि ईएमबी आगरवर त्यांना भुंग्याच्या पंखासारखी हिरवी चकाकी आली. जैवरासायनिक चाचण्यांनी ई. कोलायची खात्री झाल्यावर जिवाणूंचे द्रावण ०.५ मॅकफारलंड या प्रमाण मापाइतके गढूळ करून मी ते म्युलर-हिंटन आगरवर कापसाच्या बोळ्याने तीन दिशांनी पसरवले.

येथवर सारे रीतसर होते. त्यानंतर मात्र डिश वाचवण्याच्या मोहाने मी प्रतिजैविकांच्या कागदी चकत्यांशेजारीच (औषध लागू पडले, तर चकतीभोवती जिवाणू न वाढलेले स्वच्छ वलय दिसते) ओवा, लवंग आणि दालचिनीच्या तेलात भिजवलेल्या चकत्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडला, तर जवळजवळ अख्खी डिश स्वच्छ होती आणि एन्रोफ्लोक्सासिनच्या चकतीभोवतीही वाढ दिसत नव्हती. झाकण उचलताच ओव्याचा उग्र भपकारा आला आणि चूक कळली: तेलाची वाफ झाकणाखाली कोंडून सगळीकडे पसरली होती. तेल न ठेवलेल्या दुसऱ्या डिशमध्ये त्याच जिवाणूंची वाढ एन्रोफ्लोक्सासिनच्या चकतीच्या कडेपर्यंत भिडलेली होती. ती डिश लावलेली नसती, तर मी निरुपयोगी ठरलेले औषध गुणकारी म्हणून लिहून दिले असते.

पुन्हा मांडलेल्या चाचणीत टेट्रासायक्लिनही निष्प्रभ ठरले, तर फ्लोरफेनिकॉल आणि जेंटामायसिन यांच्याभोवती मोठी वलये उमटली. तरीही जेंटामायसिन पाण्यातून देण्यात अर्थ नव्हता, कारण ते आतड्यातून रक्तात फारसे शोषले जात नाही आणि रोग तर वायुकोषांत व यकृतात होता. कोलिस्टिनची चकती मी ठेवलीच नव्हती. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली आहे, शिवाय त्याचा मोठा रेणू आगरमध्ये नीट पसरत नसल्यामुळे चकतीच्या पद्धतीवर त्याच्याबाबत विसंबताही येत नाही.

तेलांसाठी चकतीची पद्धत सोडून मी ट्वीन ८० (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) मिसळलेल्या द्रव माध्यमात त्यांची तीव्रता दर खणाला निम्मी करत नेली आणि शेवटी रेझाझुरिन हे रंगद्रव्य घातले. जिवाणू जिवंत असतील तेथे त्याचा निळा रंग गुलाबी होतो. ओव्याच्या तेलाचा ०.१२५ टक्क्याचा खण निळा राहिला, त्यापुढचा गुलाबी झाला. लवंगेला दुप्पट मात्रा लागली. आकडा पाहून मला आनंद झाला खरा, पण तो फार टिकला नाही. या हिशेबाने दिवसाला हजार लिटर पाणी लागणाऱ्या शेडसाठी रोज सव्वा लिटर तेल हवे, आणि इतके तिखट पाणी पक्षी पितील असे मला वाटत नाही. शिवाय काचेच्या खणात जिवाणूंना भिडणारे तेल पक्ष्याच्या पोटातून वायुकोषापर्यंत त्याच तीव्रतेने पोहोचते, असेही नाही.

अहवाल मार्गदर्शक सरांनी तपासला. फ्लोरफेनिकॉलची मात्रा आणि विक्रीपूर्वी औषध बंद ठेवण्याचे दिवस त्यांनी स्वतः लिहून दिले. तेलाविषयी सांगण्याऐवजी मी पाण्याच्या चंचुपात्रात ओव्याच्या तेलाचे चार थेंब टाकले. वर तरंगणाऱ्या तवंगाकडे कुक्कुटपालक बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "आमच्या टाकीची तोटी तर बुडाला हाय. म्हंजे पक्षी पाणी पितात त्या निपलपर्यंत ते गेलंच नाही की." पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांनी सांगितले, की टाकी घासताना आतून पाण्याच्या रेषेवर बोटभर रुंदीचा चिकट पट्टा निघाला आणि त्याला अजून ओव्याचा वास येत होता.